चौकटीवरच्या रेघा

आजारी पडून भावाकडे केडगावला गेलेल्या सुमनबद्दल त्याचं कार्ड आलं तेव्हा मी सातवीच्या वह्या तपासत होते. ‘सुमन काविळीत गेली.’ एवढंच. नेवाशाकडच्या आमच्या या गावात ती नर्स, मी शाळेत बाई. चार वर्षं एकाच घरात दोन खोल्यांत राहिलो. भांडलोही भरपूर...

तिची एक खोड होती. गरोदर पोर घरी तपासायला आली, की तिला आमच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी करायची आणि डोक्यापाशी पेन्सिलीनं रेघ मारायची. शेजारी नाव, महिना. “दवाखाना आहे की बालवाडी?” मी चिडवायचे. ती हसायची नाही.

गेल्या वर्षी गावात एक कुंवार मुलगी पोटुशी असल्याचं फुटलं. पंधरा वर्षांची. पारावर गाव बसलं. शाळेतून नाव काढा, गावाबाहेर काढा... मीही मान डोलावली. तेवढ्यात सुमन उठली. “चार घरं सोडून चंद्रकला हाय. तीबी पंधराचीच. आठवा लागलाय. तिच्यासाठी कधी बसनार?”

“तिचं लगीन झालंय, नर्सबाई!” चंद्रकलेचा सासरा ओरडला.

“तिच्या हाडांला ते ठावं न्हाई.”

मला सुमनचा भयंकर राग आला. चंद्रकला माझी विद्यार्थिनी, तिच्या डोहाळजेवणाला मीच हौसेनं हिरवा खण नेला होता. घरी आल्यावर सुमननं मला चौकटीपाशी ओढलं. चंद्रकलेच्या दोन रेघा होत्या, तिसऱ्या महिन्याची आणि आठव्याची. आठव्याची बोटभर वर. “अजून वाढतीय ती,” सुमन म्हणाली. मी वह्या उघडून बसले. आणि तशीच बसून राहिले, याची मला लाज वाटते.

महिन्याभरात चंद्रकला बाळंतपणात गेली, बाळही गेलं. नशीब म्हणून लोक कामाला लागले. तिच्यासाठी पारावर कुणी बसलं नाही. त्या दुसऱ्या मुलीला बापानं कुठं नेऊन सोडलं, तेही कुणी विचारलं नाही. सुमन मात्र त्यानंतर चौकटीकडे पाठ करून जेवायची.

परवा संध्याकाळी दाराशी बांगड्या वाजल्या. गेल्या वर्षी सातवीत पहिल्या बाकावर बसणारी सिंधू, हिरव्या लुगड्यात. आपणहून चौकटीला पाठ लावून उभी राहिली.

“सासू म्हनली, नर्सबाई न्हाईत, आता जायचं काय काम? पन मीच आले. तिसरा हाय. रेघ मारा की, बाई.”

पेन्सिल अजून कोनाड्यातच होती, सुमनच्या दातांच्या खुणांसकट. मी रेघ मारली. चंद्रकलेच्या खालच्या रेघेच्याही खाली आली.

सिंधू वळून बघत होती. “मी वाढंन का वो अजून?”

पेन्सिल हातात होती, ती तशीच घेऊन मी तिच्या सासूकडे निघाले.