सरांनी फेकलेली कंट्रोल प्लेट

सरांनी मला फसवलं. आणि आज पहाटे ते गेले.

सकाळपासून आमच्या लॅबच्या ग्रुपवर त्यांचे फोटो पडतायत. "देवमाणूस." "गाईड असावा तर असा."

परवापर्यंत मीही हेच लिहिलं असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी पुण्याहून चेन्नईला पीएचडी करायला आले, ती सरांकडे. सर तंजावरचे मराठी. पहिल्याच दिवशी म्हणाले, "माझ्यासंगं मराठींतच बोल मा. घराबाहेर बोलायला कोण आहे मला?"

त्या मराठीने आणि तमिळ लाडाच्या 'मा'ने मी तिथेच विरघळले.

माझा विषय उतरण नावाची रानवेल. इथे कुंपणाच्या तारेवर कुठेही चढते, तमिळमध्ये वेलीपरुत्ती. तिच्या पानांचा अर्क बॅक्टेरिया आणि बुरशी मारतो का, एवढंच बघायचं होतं.

प्लेटवर जंतू पसरायचे, खळग्यात अर्क सोडायचा. दुसऱ्या दिवशी भोवती स्वच्छ गोल दिसला, की अर्क काम करतो.

पण अर्क ज्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवतो, त्यानेही जंतू मरू शकतात. म्हणून नुसत्या सॉल्व्हंटची एक प्लेट वेगळी लावायची. ती कंट्रोल. तिच्यात गोल येता कामा नये.

आमच्या लॅबची पद्धत अशी, की प्लेटा रात्रभर उबेत ठेवायचं कपाट, इन्क्युबेटर, सकाळी सरच उघडणार. कपाळाला विभूती लावून यायचे आणि पहिली नजर त्यांची.

त्या दिवशी अर्काच्या प्लेटमध्ये गोल आला. चांगला मोठा. मी लॅबभर नाचले.

"सर, कंट्रोल?"

"ती कंटॅमिनेट झाली मा, फेकलों. रविवारीं मीच परत लावतों."

सोमवारी म्हणाले, "कंट्रोल साफ आहे. मीच पाहिलों."

मी डोळे झाकून विश्वास ठेवला. पेपर छापून आला, डॉक्टरेट मिळाली, इथेच चेन्नईत, पेरुंगुडीच्या एका कंपनीत नोकरी लागली. सरांनी आणि त्यांच्या बायकोने, आमच्या मामींनी, घरी जेवायला बोलावून मला साडी नेसवली.

मग मागच्या महिन्यात एका अनोळखी मुलीचा मेल आला. ती आमच्या पेपरवरून पीएचडी करतेय.

"मॅडम, सगळं तुमच्यासारखंच करते, तरी कंट्रोलमध्येही गोल येतो. माझा हातच वाईट आहे का?"

बिचारी कधीपासून स्वतःलाच दोष देत होती. तिचे गाईड तिला विषय सोडायला सांगत होते.

मी आमच्या कंपनीच्या लॅबमध्ये करून पाहिलं. नुसत्या सॉल्व्हंटने तोच गोल. सॉल्व्हंट पातळ केला, तर अर्काचाही गोल गायब. म्हणजे जंतू मारत होता तो सॉल्व्हंट, अर्क नाही.

परवा सरांना फोन लावला. ते हॉस्पिटलमध्ये आहेत हे माहीत असून लावला.

"सर, त्या रविवारी प्लेट लावली होती का?"



"नाहीं मा. पहिल्या कंट्रोलांतच गोल होता म्हणून फेकलों. तुझी मुदत संपत होती. मी रिटायर होणार होतों. इतकीं वर्षं तूं परत कोठून आणली असतीस?"

"मला विचारायचं तरी!" मी ओरडले.

"मी गेल्यावर पेपर मागें घे मा. तोंवर नांव राहूं दे."

मी फोन ठेवून दिला.

मायेनेच केलंत, कबूल. पण सर, माझा प्रयोग फसला हे मला कळायला हवं होतं. रडले असते, चार दिवस जेवले नसते, मग दुसरी वनस्पती घेतली असती. तेवढा भरवसा तुम्हाला माझा वाटला नाही. हेच सगळ्यात जास्त लागलं.

आज बेसंट नगरच्या स्मशानात तुम्हाला पोचवून आले. मामी गळ्यात पडल्या. "तुझंच नांव काढत होते," म्हणाल्या. मी त्यांना काही सांगितलं नाही.

घरी येऊन आधी त्या मुलीला लिहिलं, तुझा हात चांगला आहे, चूक आमच्या पेपरात आहे.

मग जर्नलला मेल केला. पेपर मागे घ्या म्हणून. त्याबरोबर तुमचं नाव आणि माझं नाव, दोन्ही जातील.

माझी डॉक्टरेट राहते की जाते, माहीत नाही.

नमस्कार करते, सर. राग अजून तसाच आहे.