आत्याची शेवटची कानबाई आणि माझे छत्तीस फोटो

जळगावातली रोल धुऊन देणारी शेवटची लॅब बंद झाली, तेव्हा मी डिजिटल कॅमेरा घेतला, तोही जुना, वापरलेला. त्याआधीची पंधरा वर्षं मी फक्त फिल्मवर फोटो काढले. पप्पांचा मेहरूणला लहानसा स्टुडिओ होता. शाळा सुटली की मी त्यांच्या डार्करूममध्येच असायची. मला येतं ते सगळं त्यांनी शिकवलेलं आहे.

धुळ्याजवळच्या गावी माझी आत्या राहते. श्रावणात तिच्या घरी कानबाई बसते. ज्यांना हा सण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: रविवारी नारळाला देवीचा साज चढवून चौरंगावर बसवतात, आणि सोमवारी सकाळी घरातली मोठी बाई तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर जाते. त्या मिरवणुकीचे फोटो दरवर्षी पप्पाच काढायचे. आता त्यांचा हात थरथरतो, म्हणून यंदा मी एकटी निघाले.

रविवारी सकाळी जळगाव-धुळे एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे शंभराच्या आत काम झालं. एरंडोल, पारोळा करत अडीच-तीन तास लागतात. पारोळ्याच्या स्टँडवर गरम भजी मिळाली, पण मी दोनच खाल्ली, कारण तेलकट हात कॅमेऱ्याला लावायचे नव्हते. धुळ्याहून गावापर्यंत काळीपिवळी जीप असते. ती भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा तासभर हाताशी ठेवा.

बसमध्ये मी एक नियम ठरवला. डिजिटल आहे म्हणून सटासट बटण दाबायचं नाही. फोटो छत्तीसच, एका रोलचे असतात तेवढे. काढलेला फोटो लगेच दाखवणारा स्क्रीनही बंद ठेवायचा. असं केलं तर पप्पांनी शिकवलेलं वाया जाणार नाही, असं मला वाटलं. आज हे लिहिताना लाज वाटते.

आत्या दारातच उभी होती. "एकलीच उनी? तुना बाप कोठे शे?"

"त्यांना आता कॅमेरा धरवत नाही, आत्या."

"मंग तू काढ. पन नीट काढजो. मना गुडघा आते ऐकतस नही. पुढला वरीसले सुनना डोकावर."

म्हणजे कानबाई डोक्यावर घेतलेली आत्या या वर्षीच दिसणार होती. पुढच्या वर्षी हा मान वहिनीचा, म्हणजे तिच्या सुनेचा.

जेवायला पुरण, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी होती. कानबाईच्या नैवेद्याचे रोट मात्र फक्त त्या घराची भावकी खाते, म्हणून मला वेगळी पोळी वाढली. वहिनी हसून म्हणाली, "फोटो काढायला घरची, अन् रोटाला पाहुणी!"

सोमवारी सकाळी घरासमोरच्या ओट्यावर आत्याच्या डोक्यावर कानबाई ठेवली. तिथे सावली होती. पप्पांचा धडा मला पाठ आहे: सावलीतल्या चेहऱ्यावर उजेड मोज, वर थोडा जास्तच दे, आणि मिरवणूक संपेपर्यंत सेटिंगला हात लावू नकोस, निगेटिव्ह सांभाळून घेतं. मी तसंच केलं. मग सगळे अंगणातून बाहेर पडले, आणि पावसाने धुतलेल्या आकाशातून लख्ख ऊन पडलं. मी काहीच बदललं नाही.

गल्लीत चार-पाच जण मोबाईल घेऊन आत्यासमोर आले. ती चालता चालता ओरडली, "मोबाईल बाजूले ठेवा रे! मनी भाची काढी ऱ्हायनी ना!"

ते निमूट मागे झाले. माझ्यासाठी.

नदीवर आरती झाली, तेव्हा माझे बरोबर छत्तीस फोटो झाले होते. मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

संध्याकाळी घरी पोचून कार्ड कॉम्प्युटरला लावलं. पप्पा खुर्ची ओढून शेजारी बसले. ओट्यावरचे फोटो सुरेख होते. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत आत्याचं कपाळ, पांढरे केस, कानबाईचा साज, सगळं मिळून एक पांढरा डाग होता. मी उजेड कमी करून पाहिला. पांढऱ्याचं राखाडी झालं. चेहरा त्याखाली नव्हताच.

"उजेड कुठं मोजला होतास?" पप्पांनी विचारलं.

"ओट्यावर."

त्यांनी ओट्यावरचा शेवटचा फोटो पुन्हा उघडला. मग म्हणाले, "मीच शिकवलं तसं."

त्यांनी रागावलेलं परवडलं असतं.

फिल्मवरून डिजिटलकडे येणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा: निगेटिव्हवर जास्तीचा उजेड खपतो, इथे जळालेला पांढरा परत येत नाही. आणि स्क्रीन चालू ठेवा. नदीपर्यंत वीस मिनिटांची वाट होती. मी एकदा जरी पाहिलं असतं तरी पुरलं असतं.

वहिनीला फोन केला. कुणाकडे काही आहे का? एक व्हिडिओ निघाला, त्यात आत्या पाठमोरी. वहिनी म्हणाली, "ओट्यावरचा चेहरा कापून बसवून दे. कोणाला कळतंय?" मला कळलं असतं. मी नाही म्हटलं आणि फोन आत्याला द्यायला सांगितला. जे झालं ते तिला सरळ सांगितलं.

ती म्हणाली, "फोटू नही तं नही. तू तं मना जोडे व्हती ना? मी कशी चालनू, ते तुना बापले सांग."

फोन स्पीकरवर होता. पप्पा माझ्याकडे वळून बसले. "मारुतीच्या पारापाशी ती दरवर्षी गाणं म्हणते. यंदा म्हटलं?"

पाराजवळ मी पाच फोटो काढले होते. कितवे, तेही सांगता आलं असतं. पण आत्याचे ओठ हलत होते का, ते मला आठवेना.

उत्तर फोनमधूनच आलं. "नही रे भाऊ. दम लागना व्हता. औंदा मी गानं म्हनंच नही."