शिरगावचा ग्लोबल पिक्चर

शूटिंगच्या गोष्टींचं एक बरं असतं. पिक्चर येतो, उतरतो, लोक विसरतात; गोष्टी मात्र साठतच जातात. मी बोईसरच्या एका शाळेत मराठी शिकवते. दोन वर्षांपूर्वी एका हिंदी पिक्चरचं युनिट शिरगावच्या किनाऱ्यावर महिनाभर होतं आणि त्यांनी मला ‘भाषा सल्लागार’ म्हणून घेतलं होतं. कोळ्यांची गोष्ट, पण पिक्चर परदेशी महोत्सवात जाणार! डायरेक्टर निखिलसर रोज सकाळी प्रार्थना म्हटल्यासारखं एकच वाक्य म्हणायचे, “पिक्चर रूटेड भी चाहिए, ग्लोबल भी!”

तेव्हापासून आमच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत कोणीतरी म्हणतंच, “बाई, सांगा ना एखादा किस्सा!”

*

पहिल्याच दिवशी घोळ. हिरॉइन ईशा कोळीण झाली होती. तिचा डायलॉग होता, “समंदर हमारी माँ है.” तिला मासळीची टोपली डोक्यावर घ्यायला शिकवायला सातपाटीच्या जयवंतीकाकी आल्या होत्या. साठीच्या, सगळा जन्म मासळी विकण्यात गेलेला. त्या मध्येच म्हणाल्या, “समंदर? आमच्यात असा कोन बोलत नाय. दर्या बोल!”

निखिलसर दचकले. “काकी, हिंदी में दरिया मतलब नदी! लोग समझेंगे ये सब नदी में मछली पकड़ते हैं!”

काकी शांतपणे म्हणाल्या, “मग त्यांना इथं आनून दाखवा. नदी हाय का ती?”

असिस्टंट तन्वी हळूच म्हणाली, “सर, फॉरेनवालों को तो सबटाइटल में ‘सी’ ही दिखेगा.”

सरांनी जरा विचार केला. “मतलब सातपाटी समझेगी, पॅरिस भी समझेगा... प्रॉब्लेम सिर्फ दिल्ली का है?”

डायलॉगमध्ये दर्या आला. दिल्लीचं दिल्ली बघून घेईल!

*

आर्ट डायरेक्टर समीरला कोळ्याच्या घराची भिंत वारली चित्रांनी भरून हवी होती. “बाहेरचा माणूस बघताक्षणी ओळखतो, इंडिया!” त्यासाठी विक्रमगडकडच्या पाड्यावरून रघूदादांना बोलावलं. वारली चित्रं काढण्यात त्यांचा हातखंडा. समीरने मोबाईलवर नमुना दाखवला.

रघूदादांनी फोटो नीट पाहिला. “हा तर लग्नाचा चौक हाय. देवीचा. हा आमच्यातल्या सवाशिणी काढतात, ते पन घरात लग्न असलं तरच.”

“दादा, शूटिंगच आहे हो!”

“चौक काढला का लग्न लावायला लागल,” रघूदादांनी ईशाकडे बोट केलं, “लावता का हिचं?”

सगळं युनिट ईशाकडे बघायला लागलं. ती नारळपाणी पीत होती. स्ट्रॉ बाजूला करून म्हणाली, “चलेगा. पर किससे?”

भिंत कोरी राहिली. काकींनी तिथे स्वतःच्या घरासारखी एक खुंटी ठोकायला लावली आणि जुनं जाळं लटकवलं. दुसऱ्या दिवशी निखिलसर मॉनिटरवर बघून खूश! “समीर, क्या मिनिमल किया है! एकदम युरोपियन!”

समीरने मान डोलावली. दुसरं काय करणार?

*

पाम गावात मोर्चाच्या गर्दीचा सीन होता. गावातली मंडळी कामावर गेलेली, म्हणून बोईसरच्या कारखान्यांतले कामगार सुट्टीच्या दिवशी आणले. बहुतेक सगळे उत्तरेकडचे. कमरेला रुमाल, डोक्यावर टोपी, दिसायला झकास कोळी! ओरडायचं होतं, “आमी जागा देनार नाय!”

सर म्हणाले, “मॅडम, इनको आधे घंटे में सिखा दो.”

मी शिकवायला उभी राहिले. पहिल्या रांगेतले रामप्रसाद, वीस वर्षं बोईसरला राहिलेले, पोरं इथल्याच शाळेत शिकलेली. ते मला म्हणाले, “बाई, आमाला नका शिकवू. त्या हिरोला शिकवा. त्याला अजून ‘नाय’ बोलता येत नाय!”

खरंच होतं. वांद्र्यात वाढलेला आमचा हिरो दर टेकला ‘नहीं’ म्हणत होता. शेवटी रामप्रसादनी त्याला झाडाखाली बसवून अर्धा तास ‘नाय’ घोटवलं. आज पिक्चरमध्ये हिरो जो ‘नाय’ म्हणतो ना, तो गोरखपूरचा आहे!

*

शेवटच्या आठवड्यात आना नावाच्या बाई आल्या. परदेशातल्या एका महोत्सवासाठी पिक्चर निवडणाऱ्या. उंच, पांढरे केस, कमी बोलणाऱ्या. नवऱ्याची होडी परत येत नाही, तो सीन त्या दिवशी होता. पिक्चरचं सगळं त्या सीनवर होतं. ईशाने वाळूत लोळून आक्रोश करायचा, मागे व्हायोलिन. तीन टेक झाले. ईशा छान रडली, पण तिचं तिलाच पटेना.

ती उठून काकींजवळ गेली. काकींचा नवरा असाच गेला होता, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. विचारलं कोणीच नव्हतं.

“काकी, आपने क्या किया था? उस दिन?”

बाकावर बसलेल्या काकींनी मांडीवरची टोपली बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “मी काय करनार? त्याची भाकर झाकून ठेवली. दोन दिस झाकलेलीच होती. तिसऱ्या दिवशी मीच खाल्ली ती.”

मी ईशाला हिंदीत सांगितलं.

चौथा टेक किनाऱ्यावरच्या घराच्या सेटवर घेतला. ईशा चुलीपुढे बसली, झाकण काढलं, वाळलेली भाकर मोडली आणि खायला लागली. कट म्हणायचं निखिलसर विसरले. मग त्यांनी म्युझिकवाल्याला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, “व्हायोलिन कॅन्सल.”

आनाबाईंनी हेडफोन काढून ठेवले. मॉनिटरपुढून उठल्या, वाळू तुडवत सरळ काकींपुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना आमचा एक शब्द येत नव्हता, काकींना त्यांचा.

काकींनी वर पाहिलं. “तुजा पन आला नाय का गं?”

तन्वी भाषांतर करायला धावली. पण ती पोचेपर्यंत काकींनी बाकावरची टोपली खाली ठेवली होती आणि आनाबाई त्यांच्या शेजारी बसल्या होत्या.