आबांना वरचा नंबर

आमच्या कोरीटच्या घरी मिरचीची रोपं वाळून मेली, ती माझ्या पितृभक्तीमुळे.

विसरवाडीचा मामा गेला. मायला तेराव्यापर्यंत तिकडे राहायचं होतं. दारातल्या जाळीखाली तिची रोपं होती, मामानेच दिलेल्या बियाण्याची. देणारा गेला, बी संपलं.

"तू घर ऱ्हाय भाऊ, रोपास्ले पानी दे," माय मला म्हणाली.

"मी पण येतो. पाणी मी बनवलेला डबा देईल!"

(मी इंजिनिअर. नंदुरबारला पंपांच्या दुकानात बसतो, पण डिग्री आहे!) त्या डब्यातल्या चिमुकल्या चिपवर मी नुकतीच रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम चढवली होती. चिपला एका वेळी एकच काम जमतं. म्हणून ही सिस्टिम कामांना नंबर देते. वरच्या नंबरचं काम जरा थांबलं, तरच खालच्याची पाळी. पाण्याच्या कामाला मी नाव दिलं 'माय'. नळी सुरू, नळी बंद. झकास!

निघता निघता खाटेवरून आबा, म्हणजे वडील, म्हणाले, "यामा मन्हं काय शे?"

झालं! घाईघाईत 'आबा' नावाचं काम जोडलं: डब्याच्या पडद्यावर तापमान दाखवायचं. नंबर? वडिलांना खाली कसं बसवणार? दिला सगळ्यात वरचा! आणि थांबण्याची ओळ घातलीच नाही. (आबांना 'थांबा' म्हणायची हिंमत मला चिपमध्येही झाली नाही.) तपासायला वेळ कुठला, बस आली!

विसरवाडीहून रोज फोन.

"आबा, रोपं?"

"मी बशेल शे ना आठे! डबा सांगस, समदं बेस शे!"

गुडघेदुखीमुळे आबा खाट सोडत नव्हते, आणि खाटेवरून रोपं दिसत नव्हती. पडदा त्यांना मे महिन्याचं ऊन अखंड वाचून दाखवत होता.

तेरावं उरकून परतलो. जाळीखाली नुसत्या काड्या. माय मटकन खाली बसली. एक काडी बोटांत मोडली, रडली मात्र नाही. मी खालमानेने सगळं समजावलं.

"म्हणजे तुन्हा आबा थांबनाच नही, म्हणीसन मन्हा नंबर लागना नही?"

"हो."

"लगीन व्हयनं तैपासून असंच चाली ऱ्हायनं. यामा तू नवं काय बनाडं रे भाऊ?"

आबांनी खाटेवर कूस बदलली.

कोपऱ्यात चार रोपं तेवढी हिरवी होती. तिथे डब्यापर्यंत पाणी आणणाऱ्या नळीचा मी जोडलेला सांधा गळत होता. माझ्या सगळ्या इंजिनिअरिंगमध्ये तेवढंच बिघडलेलं, म्हणून तेवढंच कामाला आलं!