चिठ्ठी नाही तर रिपोर्ट नाही

आमच्या प्रोजेक्टचे मोठे साहेब दिल्लीहून यायचे आणि उंटावरून शेळ्या हाकून संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. जबलपुरात सुईने नशा करणाऱ्यांपैकी किती जणांना एचआयव्ही आहे, हे त्यांना शोधायचं होतं. गल्ल्या पालथ्या घालायच्या आम्ही, शिव्या खायच्या आम्ही. साहेब फोनवर एवढंच विचारायचे, "सैंपल कितने हुए?" माणसांची चौकशी त्यांनी कधी केली नाही.

मी लॅब टेक्निशियन. उभा जन्म लोकांच्या शिरा शोधण्यात गेला, तेव्हा कोण कामाचा आणि कोण नुसता इस्त्रीचा, हे मला दारातूनच कळतं. हे साहेब इस्त्रीचे. त्यांनी नियम काढला. कागदावर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर, आणि त्याच नंबरची चिठ्ठी माणसाच्या हातात द्यायची. पंधरा दिवसांनी चिठ्ठी दाखवली तर रिपोर्ट मिळेल, नाही तर नाही. गोपनीयता म्हणे. अहो, ज्याला आपली चप्पल कुठे काढली ते आठवत नाही, तो बोटभर कागद पंधरा दिवस सांभाळणार? मी मीटिंगमध्ये तसं बोललेही. साहेब हसून म्हणाले, "मैडम, ये एथिक्स है." नाकाने कांदे सोलायला यांचं काय जातं.

शहरातल्या गढा भागात गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारा एक जण आमच्याकडे आला. पंचविशीचा असेल. घरचे मूळ वर्ध्याकडचे. मी मराठी बोलते हे कळल्यावर खुलला. "दीदी, तुमी तं आपल्यातल्याच निघाल्या." हाताच्या शिरा संपलेल्या, शेवटी पायात सापडली. तिसऱ्यांदा सुई मारताना मलाच वाईट वाटलं. म्हणून त्याचा नंबर माझ्या डोक्यात पक्का बसला.

रिपोर्ट आले. त्या नंबरपुढे पॉझिटिव्ह लिहिलेलं मी स्वतः पाहिलं. दुसऱ्याच दिवशी तो दारात हजर, हात रिकामे.

"आईनं शर्टासंग चिठ्ठी धुऊन टाकली, दीदी. पण रिपोर्ट पाहिजेच. लग्न ठरलं हाय माहं. त्याच्या आधी पाहून घेतो म्हटलं."

त्याला बाकावर बसवून मी आत जाऊन साहेबांना फोन लावला. चिठ्ठी नाही, तर रिपोर्ट नाही. मी म्हटलं, मी या माणसाला ओळखते. "आप पहचानती हैं, रिकॉर्ड नहीं पहचानता." बरं, मग पुन्हा रक्त घेते. तेही नाही, कारण एक माणूस दोनदा मोजला गेला की त्यांचा हिशेब बिघडतो. कुणाचा संसार बिघडला तर ते त्यांच्या तक्त्यात कुठे बसत नव्हतं.

मी बाहेर आले. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण गोपनीयतेच्या कागदावर माझी सही होती आणि नोकरी करारावरची. मी म्हटलं, सरकारी दवाखान्यात फुकट तपासणी होते, तिथे करून घे. आणि मी शहाणी, पत्ता लिहून दिला तोही कागदाच्या चिठोऱ्यावर. तो हो म्हणून गेला.

मग प्रोजेक्ट संपलं. समारोपाला साहेबांनी छाती फुगवून सांगितलं की एकाही माणसाची ओळख बाहेर गेली नाही. टाळ्या पडल्या. बाकीच्यांचं सोडा, मीही वाजवल्या. लाज वाटली, पण हात चालूच राहिले.

त्यानंतर काही महिन्यांनी गढ्याच्या बाजारात तो दिसला. अंगाने भरला होता. शेजारी हिरव्या बांगड्या ल्यालेली एक पोरगी दुकानात डबे पाहून राहिली होती.

"दीदी, ही आमची घरची," तो म्हणाला. "सुई सोडली मी. पार सोडली."

"दवाखान्यात गेला होतास का?"

"काहून जाऊ? तुमी बोलावलंच नाही, तवाच समजलो का आपलं सगळं ठीक हाय. खराब असतं तं तुमी चूप बसल्या असत्या का?"

आमच्याकडे असंच असतं. दवाखान्याचा निरोप आला तर खराब, नाही आला तर देवाची कृपा. साहेबांना हे ठाऊक नसणार. मी जन्मापासून याच गावात राहते, मला ठाऊक होतं.

त्याला बाजूला नेलं आणि सांगून टाकलं. आता नोकरीच नव्हती, म्हणून जीभ सुटली. यात कसलं आलंय धाडस. औषध फुकट मिळतं, माणूस चांगला जगतो, तिची तपासणी उद्याच करू, मी सोबत येते, हे सगळं मी भराभर बोलून राहिले होते. तो दुकानाकडे पाहून राहिला होता. तिने एक डबा उचलून त्याला लांबूनच दाखवला.

"तुमाले कवा समजलं, दीदी?"

"तू चिठ्ठी हरवली म्हणून आलास ना, त्याच्या आदल्या दिवशी."



"म्हणजे पत्रिका छापायच्या आधी," तो म्हणाला.