मशीन बंद करा

कपड्यांच्या त्या कारखान्यात तिला सगळे चिमणी म्हणत, कारण तिची चिवचिव मशीनच्या आवाजालाही हार जात नसे. पँटचे खिसे शिवायचं तिचं काम. हात खिशावर आणि तोंड गावभर! पण त्या दिवशी सकाळपासून तिनं चकार शब्द काढला नव्हता. शेजारच्या मशीनवरच्या मावशीला तेव्हाच कळलं, काहीतरी बिनसलंय.

चिमणीला आठवा महिना लागला होता. अंगात किती उलथापालथ झाली होती म्हणून सांगू! पावलं सुजून चपला आखूड पडल्या होत्या. कंबरेचे सांधे सैल झाले होते, त्यामुळे चाल बदकासारखी. पोट वर चढून श्वासाला जागा ठेवेना आणि खाली दाबून दर थोड्या वेळानं उठायला लावी. अंगातलं रक्त वाढलं होतं, एकटं काळीज दोघांचं काम ओढत होतं. जिना चढला की नुसती धडधड. नर्सबाईंनी समजावलं होतं, "अगं, आत वार आहे ना, ती तुझ्या रक्तातलं खाणंपिणं आणि हवा नाळेतून बाळाला पोचवते. तू फक्त त्याच्या हालचालीकडे लक्ष ठेव. कमी वाटली तर तडक इकडे ये."

"म्हणजे फुकटचा भाडेकरू, आणि वर लाथा!" चिमणी तेव्हा हसली होती.

आज लाथ नव्हती. सगळी मशीन चालू होती, पायाखालची जमीन थरथरत होती, टेबल थरथरत होतं आणि टेबलाला टेकलेलं पोटही. ही थरथर बाळाची की मशीनची? ओळखायचं कसं? तिच्या तोंडचं पाणी पळालं, कारण मागच्या खेपेला नेमकं हेच झालं होतं. तेव्हाही पोटात हलतंय, हलतंय म्हणून ती दिवसभर खुशीत शिवत राहिली. संध्याकाळी घरी जाऊन आडवी झाली, तर पोट गप्प. हलत होतं ते मशीन. बाळ आधीच गेलं होतं. आईला कळलं कसं नाही, असं कुणी विचारेल, या धास्तीनं तिनं हे नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"मावशी," ती शेजारी वाकून म्हणाली. "हलत नाहीये. म्हणजे हलतंय, पण ते मशीन असेल. मागच्या वेळीही मशीनच होतं."

पुढचं काही मावशीनं विचारलंच नाही. ती उठून ओरडली, "अहो साहेब, मशीन बंद करा! सगळी!"

सुपरवायझर धावत आला. "वेड लागलंय का? माल आजच जायचाय! हिला दवाखान्यात न्या, मी गाडी बोलावतो."

"बोलवाच! पण ती येईपर्यंत हिच्या जिवाला काय सांगू? बंद करा म्हणते ना!"

त्यानं चिमणीकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक, दोन्ही हात पोटावर. तो भिंतीकडे गेला आणि त्यानं मोठा खटका खाली ओढला.

घरघर हळूहळू विरली. टेबलं थांबली, पायाखालची जमीनही थांबली. मावशीनं कापडाच्या गठ्ठ्यांवर चिमणीला डाव्या कुशीवर निजवलं.

"हल रे राजा," चिमणी पुटपुटत होती. "एकदाच लाथ मार. मग जन्मभर मार, मी काही म्हणणार नाही."

काही नाही. बाहेर गाडी येऊन थांबली, तरी काही नाही. मावशीनं डोळे पुसले आणि तिला उठवायला हात पुढे केला. तोच चिमणीनं तो हात घट्ट धरला आणि पोटावर दाबला. बरगडीखाली एक ढुशी. मग दुसरी, चांगली सणसणीत.

"आई गं!" मावशीच किंचाळली. चिमणी हसत होती की रडत होती, तिचं तिलाच ठाऊक. "तरी दवाखान्यात जायचंच," मावशीनं दटावलं आणि तिला धरून दाराकडे नेलं.

दारात चिमणी थबकली. मागे वळून तिनं विचारलं, "साहेब, हे मशीन नव्हतं ना हो?"

सुपरवायझरचा हात अजून खटक्यावरच होता.

"नाही गं बाई," तो म्हणाला. "सगळी बंद आहेत."