डावीकडे बघा, डावीकडे

आमच्या दाजींना नदीकाठची प्रत्येक मोठी इमारत तोंडपाठ आहे, आणि त्यातली एकही त्यांनी धड पाहिलेली नाही. धंदाच तसा. संध्याकाळी पर्यटकांना शहर दाखवायला जी बोट निघते, तिच्यावर माईक धरून माहिती सांगायचं काम ते करतात. माहिती सांगणाऱ्याने तोंड प्रवाशांकडे ठेवायचं, असा कंपनीचा दंडक. त्यामुळे दाजींनी वीसेक वर्षं शहर पाहिलं ते लोकांच्या चेहऱ्यांवर. माना वर झाल्या की मनोरा आला, फोन बाहेर निघाले की महाल आला, आणि रुमाल नाकाला गेले की नाल्याचं तोंड आलं.

मी त्यांचा मेहुणा. त्याच बोटीच्या मागच्या टोकाला चहा, कॉफी आणि खारे दाणे विकतो. ताईसाठी हे स्थळ आलं तेव्हा आमचे वडील म्हणाले होते, "मुलगा बोलका आहे, घर बोलतं राहील." वडिलांना माणसांची पारख कधीच नव्हती. दाजी बोलतात ते बोटीवर. घरी आले की गळ्यातला मफलर सोडत नाहीत आणि तोंड उघडत नाहीत. गळा हे त्यांचं भांडवल, आणि भांडवल घरात उधळायचं नसतं म्हणे. जेवताना हवं ते खुणेने मागतात, आणि खूणही उलटी. प्रवाशांचं डावं ते यांचं उजवं, ही सवय इतकी हाडीमाशी खिळलेली की मिठाकडे हात करायला जातात आणि ताई पाण्याचा जग पुढे करते. दाजी निमूटपणे पाणी पितात.

माहितीचं म्हणाल, तर त्यातली निम्मी दाजींच्या सुपीक डोक्यातून उगवलेली. न्यायालयाच्या घंटेत म्हणे एका अन्यायी सरदाराचे सोन्याचे दात वितळवले आहेत. संग्रहालयातल्या पुतळ्याला दर वर्षी एक सुरकुती वाढते. मी एकदा विचारलं, "दाजी, हे कुठे वाचलंत?" तर म्हणाले, "मेहुणे, लोक तिकीट काढून येतात. त्यांना रिकाम्या हाताने पाठवायचं का?"

त्यांचा हुकमी एक्का होता महालाची राणी. महाल बरोबर वाटेच्या मध्यावर. तो आला की दाजी आवाज खाली आणायचे. "डावीकडे बघा, डावीकडे. तो वरचा सज्जा. राजा रोज नावेतून कामाला जायचा, आणि राणी रोज संध्याकाळी तिथे दिवा घेऊन उभी राहायची. बोलायची नाही, हाक मारायची नाही. त्याने नावेतून हात वर केला की ती दिवा दोनदा झाकायची. म्हणजे, पाहिलं हो तुम्हाला." इथे बायका हमखास हळहळायच्या आणि पुरुष माझ्याकडून कॉफी घ्यायचे.

उजव्या काठाबद्दल दाजी चकार शब्द काढत नसत. तिथे सांगण्यासारखं काही नाही, तिथे आम्ही राहतो. बोट जिथून वळते त्या पुलाकडून आलं की आधी भंगाराचं गोदाम, सांडपाण्याचं पंपघर, आणि मग चार मजली इमारती, ज्यांच्या गॅलऱ्यांतून बारा महिने कपडे वाळत असतात. त्यातली तिसऱ्या मजल्यावरची एक गॅलरी ताईची. महालाच्या अगदी समोर. नदी तिथे अरुंद आहे, त्यामुळे सगळी बोट डावीकडे महालाकडे बघत असताना दाजी दुसरा हात वर करायचे. कंपनीचा पांढरा हातमोजा ताईला लांबूनही दिसायचा, आणि ती गॅलरीतल्या दिव्याचं बटण दोनदा खालीवर करायची. इतकी वर्षं मी हे रोज पाहत होतो. पण चहाची किटली सांभाळणाऱ्या माणसाचं लक्ष किटलीवर असतं. मला वाटायचं, भात टाकू का, असं काहीतरी विचारत असतील.

मग धाकटे मालक आले. मोठ्या मालकांचे चिरंजीव, व्यवस्थापनाचं शिक्षण घेऊन. शिकलेल्या माणसाला चाललेली गोष्ट बघवत नाही. त्यांनी आधी माझ्या दाण्यांच्या पुड्या लहान केल्या, त्याला आम्ही काही बोललो नाही. मग त्यांनी दाजींना बोलावलं आणि म्हणाले, "तुमचा आवाज म्हणजे कंपनीचं वैभव आहे. आपण तो रेकॉर्ड करून ठेवू." दाजी आठवडाभर कोमट पाणी पीत हिंडत होते. स्टुडिओत भिंतीकडे बघून त्यांना बोलता येईना, म्हणून समोर प्रवासी म्हणून मला बसवलं. मी योग्य जागी मान वर केली, योग्य जागी नाकाला रुमाल लावला, आणि दाजींनी सगळी माहिती एका दमात सांगून टाकली. काचेपलीकडून धाकट्या मालकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच संध्याकाळी कळलं की बोटीवर नवं यंत्र बसणार, यंत्रात दाजींचा आवाज बसणार, आणि त्यामुळे दाजींनी घरी बसायचं. आपल्याच गळ्याने आपला गळा कापला गेलेला मी पाहिलेला हा एकमेव माणूस. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. मी त्यांना म्हणालो, "आता तरी तोंड उघडा! ताईला सांगा!" त्यांनी मफलर घट्ट केला.

शेवटचा निर्णय मोठे मालक घेणार होते. ट्रॅव्हल एजंट मंडळींना घेऊन एक चाचणी फेरी काढायची, पाहुण्यांना यंत्र आवडलं तर दाजी घरी, फसलं तर दाजी बोटीवर, असं ठरलं. चाचणीच्या दिवशी दाजी टोपी, हातमोजे असा सगळा सरंजाम करून आले. त्यांना पुढच्या टोकाला एका स्टुलावर बसवण्यात आलं, यंत्र आजारी पडलं तर म्हणून. बोटीच्या दोन्ही अंगांना एवढाले कर्णे लावले होते, की दोन्ही काठांवरची कुत्री बाहेर येऊन उभी राहावीत.

बोट सुटणार तेवढ्यात धाकट्या मालकांना कल्पना सुचली. "जाताना फक्त संगीत आणि खाणंपिणं. माहिती परतीच्या वाटेवर लावू. तेव्हा मावळतीचा उजेड पाहुण्यांच्या तोंडावर येईल, फोटो चांगले निघतील."

बोट चालवणारा सारंग म्हातारा आणि सरळ माणूस. त्याने तोंड उघडलं, "पण साहेब, परत येताना—"

दाजींनी त्याचा हात दाबला. मला किटलीमागून सगळं समजलं. जाताना जो काठ डावा, तो येताना उजवा. यंत्र सांगणार "डावीकडे बघा", आणि डावीकडे आमचं पंपघर. मी दाजींकडे पाहिलं, दाजींनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत आमचं असं एकमत कधी झालं नव्हतं.

जाताना वाद्यं वाजली, पाहुणे खाण्यात गुंतले. ताईची गॅलरी गेली. ती उभी होती, पण दाजी स्टुलावर घुम्यासारखे बसलेले. हात दिसला नाही, दिवा लुकलुकला नाही. पुलापाशी बोट वळली आणि यंत्र सुरू झालं.

"डावीकडे बघा, डावीकडे," दाजींचा आवाज दोन्ही काठांवर घुमला. "हे आपलं न्यायालय." सगळ्यांनी डावीकडे पाहिलं. भंगाराचं गोदाम होतं. "शेकडो वर्षं इथे प्रत्येकाला त्याच्या योग्यतेप्रमाणे मिळत आलं आहे." खोटं नव्हतं, तिथे निदान वजन करून देतात. आता कोणीतरी ओरडणार, यंत्र बंद करा म्हणणार.

एक बाई म्हणाल्या, "साधेपणा बघा ना किती!" आणि त्यांनी फोटो काढला.

मग संग्रहालय म्हणून पंपघर आलं. यंत्र म्हणालं, "आत शिरताच माणसाचा श्वास थांबतो." पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले आणि माना डोलावल्या. एकाने सोबतच्याला समजावलं, "आधुनिक कला अशीच असते." मोठे मालक स्वतः या शहरात जन्मलेले, तेही डावीकडेच बघत होते. उजवीकडे खरा मनोरा, खऱ्या जुन्या इमारती, सगळं उन्हात न्हाऊन उभं होतं आणि त्याच्याकडे बघायला काळं कुत्रं नव्हतं. कर्ण्यातून सांगितलेलं डोळ्यांना खोटं पाडता येत नाही, हे मला त्या दिवशी उमगलं. दाजींचा चेहरा उतरत चालला. ते उठून उभे राहिले. मला वाटलं आता ओरडून सांगणार, पण वीस वर्षं जिथे उभे राहायचे तिथे जाऊन नुसते उभे राहिले.

तेवढ्यात मध्य आला. कर्ण्यांतला आवाज खाली उतरला. "डावीकडे बघा, डावीकडे. तो वरचा सज्जा."

सगळ्या बोटीने ताईच्या गॅलरीकडे पाहिलं. दोरीवर दाजींचे दोन पायजमे आणि एक पलंगपोस होता, मागे ताई. ती बिचारी गोंधळून पदर सारखा करत होती.

"त्याने नावेतून हात वर केला की..." आवाज म्हणाला, आणि दाजींचा हात वर गेला. त्यांनी मुद्दाम केला नाही, हे मी शपथेवर सांगतो. त्या वाक्याला तो हात वर जायचाच, झोपेतसुद्धा गेला असता. आणि हात दिसल्याबरोबर ताईने बटण दोनदा खालीवर केलं.

बोटीवर टाळ्यांचा कडकडाट झाला. मघाच्या त्या बाई रडत होत्या. मोठे मालक उठून उभे राहिले, "वा! दिव्याची योजना कोणाची?" धाकट्या मालकांनी क्षणाचाही विलंब न लावता मान लववली. यंत्र पास झालं. आमच्या घराण्यात असे दिवे याआधी कोणी लावले नव्हते. दाजी हात खाली घ्यायलाही विसरले होते.

दुसऱ्या दिवसापासून दाजी घरी. माहिती परतीच्या वाटेवरच ठेवलेली. बोट परत फिरली, यंत्र बोललं, लोकांनी डावीकडे बघितलं. ताई गॅलरीत नेहमीसारखी उभी होती, पण दिवा लागून राहिला तो राहिला. तिसऱ्या दिवशीही तेच. पाहुण्यांनी आपापल्या गिऱ्हाइकांना दिव्याचं सांगून ठेवलेलं, त्यामुळे आरडाओरडा सुरू झाला. चौथ्या दिवशी धाकटे मालक जिने चढून ताईकडे आले. मी तिथेच होतो, दाजी मफलर गुंडाळून कोपऱ्यात.

"बाई, ते दिव्याचं जरा बघा ना. आम्ही आपोआप चालणारं बटण बसवून देतो. तुम्हाला काही करायला नको."

ताई म्हणाली, "माझ्या गॅलरीत तुमचं बटण नको. आणि मी काही राणीबिणी नाही. यांचा हात दिसला की मी बटण खालीवर करते. हात कुठे आहे?"

"हात?"

"तो बघा, कोपऱ्यात बसवलाय तुम्ही."

धाकटे मालक विचारात पडले. माणूस घरी बसवला हे त्यांना कळत नव्हतं, पण यंत्राचा एक भाग सुटा राहिला हे चटकन कळलं. दाजींना सोमवारपासून परत बोलावण्यात आलं. बोलायचं नाही, नुसतं पुढच्या टोकाला उभं राहायचं आणि मध्य आला की हात वर करायचा. आयुष्यभर बोलून पोट भरणाऱ्या माणसाला आता गप्प राहण्याचा पगार मिळतो. पगार थोडा वाढवूनही दिला, कारण धाकट्या मालकांच्या मते हे जास्त कौशल्याचं काम आहे.

मालक जिना उतरले तशी ताई दाजींकडे वळली. कर्ण्यांमुळे राणीची गोष्ट तिने तीन दिवस शब्दन्‌शब्द ऐकली होती, जन्मात पहिल्यांदा.

"अहो, ही राणी तुम्ही कधीपासून सांगताय?"

दाजींनी बोटांनी काहीतरी खूण केली.

"तोंडाने सांगा."

"पहिल्यापासून," दाजी म्हणाले.

"एवढी वर्षं परक्या लोकांना तिकीट लावून सांगितलंत," ताई म्हणाली. तिचा आवाज मला ओळखीचा वाटेना. "घरात मला एकदा फुकट सांगितली असतीत तर काय बिघडलं असतं?"

दाजींनी मफलर सोडला. मी किटली नसतानाही किटलीकडे बघितल्यासारखं केलं.

"आणि उभी काय ठेवलीत तिला?" ताई पुढे म्हणाली. "रोज संध्याकाळी उभी. तिचे पाय दुखत नसतील?"

दाजी उठले, स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली आणि गॅलरीत नेऊन ठेवली. डावीकडे ठेवू की उजवीकडे, यात बराच वेळ गेला.

खुर्ची अजून तिथेच आहे. ताई तिच्यावर ओल्या कपड्यांची बादली ठेवते आणि बोट यायच्या वेळी शेजारी उभी राहते.